ॲपच्या पडद्यावर स्मृती कोणाकडे?

मोबाइल ॲपचा पडदा वापरणाऱ्याला एकसंध दिसत असला, तरी तो शीर्षक, चित्र, बटण, मजकुराची चौकट अशा अनेक सुट्या घटकांच्या जुळणीतून उभा राहतो. गूगलने डिसेंबर २०१८ मध्ये ज्याची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध केली, त्या ‘फ्लटर’ या साधनसंचात अशा घटकाला ‘विजेट’ म्हणतात आणि त्याचे ‘स्टेटलेस’ व ‘स्टेटफुल’ असे दोन मुख्य प्रकार मानले जातात. ‘स्टेट’ म्हणजे ॲप चालू असताना बदलू शकणारी माहिती. पहिल्या प्रकाराला स्थिर आणि दुसऱ्याला गतिमान म्हणणे सोयीचे असले, तरी त्यामुळे स्थिर घटक पडद्यावर कधीच बदलत नाही असा गैरसमज होतो, आणि तो मुळातूनच दूर व्हायला हवा.

फ्लटरमध्ये नवा प्रकल्प सुरू करताच जो नमुना ॲप मिळतो, त्यात एक आकडा आणि अधिक चिन्हाचे बटण असते. बटण दाबले की आकडा वाढतो; तरीही तो दाखवणारा ‘टेक्स्ट’ हा घटक स्टेटलेसच आहे, कारण वरून जे मिळेल ते मांडण्यापलीकडे त्याला काही ठाऊक नसते. मोजणी जपली जाते ती त्याच्या वरच्या स्टेटफुल घटकाकडे. तिथे ‘सेटस्टेट’ ही आज्ञा दिली की माहिती बदलल्याची वर्दी पोहोचते, त्या घटकाची ‘बिल्ड’ ही कृती पुन्हा चालते आणि नव्या आकड्यासह मांडणी नव्याने रचली जाते. यातली खरी सुंदर योजना अशी, की स्टेटफुल विजेटदेखील स्वतः बदलत नाही. त्याची स्मृती ‘स्टेट’ नावाच्या वेगळ्या वस्तूत राहते, म्हणून जुने विजेट टाकून त्याच जागी तसेच नवे आणले तरी मोजणी पुसली जात नाही.

सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. त्यामुळे स्मृती जितक्या खालच्या घटकाकडे ठेवता येईल तितकी पुनर्रचना थोडी होते, आणि ‘कॉन्स्ट’ म्हणून घोषित केलेले घटक तर पुन्हा रचावेच लागत नाहीत. मात्र एकच माहिती दोन घटकांना लागत असेल, तर ती त्यांच्या सामाईक पूर्वज घटकाकडेच असावी लागते. खूण करण्याचा चौकोन, म्हणजे ‘चेकबॉक्स’, याच कारणाने आपल्यावर खूण आहे की नाही हे स्वतः ठरवत नाही. बोट टेकताच तो वरच्या घटकाला कळवतो आणि तिकडून नवे मूल्य आल्यावरच खूण उमटवतो.