नवा लॅपटॉप दाबला की वाकतो? काय चालेल, काय नाही

कीबोर्ड मधोमध दाबल्यावर किंचित खाली जातो? प्लॅस्टिक बॉडीत एवढं चालतं. खरी काळजी बिजागरीची. अनेक लॅपटॉपमध्ये तिचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नटांत बसवलेले असतात. बिजागरी फार कडक असेल, तर स्क्रीन उघडताना दर वेळी त्या प्लॅस्टिकवर ताण येतो आणि एक दिवस ते तडकतं. म्हणून स्क्रीन कोपऱ्याला नव्हे, मधोमध धरून उघडा.

करकर आवाज येतो का, कडेला फट पडते का, हे रिटर्नची मुदत संपण्याआधीच तपासा आणि व्हिडिओ काढून ठेवा. तडा गेल्यावर ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

टचपॅड किंवा तळ फुगलेला दिसला, तर वापर आणि चार्जिंग लगेच थांबवा. बॅटरी फुगलेली असू शकते.

दुकानदार दाद देत नाही? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५.