पुल रिक्वेस्ट मोजून ओपन सोर्स शिकवता येत नाही

इंजिनीअरिंग, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर असे काहीही शिकत असलात तरी हल्ली पहिल्या वर्षापासून एक सल्ला कानावर पडतो : ‘ओपन सोर्समध्ये कॉन्ट्रिब्यूट कर, रेझ्युमे उठून दिसेल.’ सल्ला चांगला आहे. पण कॉन्ट्रिब्यूट करायचे म्हणजे नेमके काय करायचे, कुणाला विचारून करायचे आणि ते तपासणार कोण, हे सांगायला सहसा कुणी थांबत नाही.

त्यातून काय होते ते २०२४ च्या सुरुवातीला दिसले. एक्स्प्रेस हे नोड जेएसवर वेबसाइट बांधणाऱ्यांचे नेहमीच्या वापरातले फ्रेमवर्क. यूट्यूबवरच्या एका लोकप्रिय शिकवणीत पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल प्रकल्पात घ्यावा अशी विनंती, कशी पाठवतात हे दाखवण्यासाठी एक्स्प्रेसचीच रेपॉझिटरी घेतली होती. ती पाहून विद्यार्थ्यांनी, त्यातही मुख्यतः भारतीय विद्यार्थ्यांनी, एक्स्प्रेसच्या ‘रीडमी’ फाइलमध्ये स्वतःचे नाव घुसवणाऱ्या पुल रिक्वेस्टचा मारा सुरू केला. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेन्टेनरांना त्या एकेक करून बंद कराव्या लागल्या. मुलांची चूक एवढीच की त्यांनी दाखवले तसे केले. खोट होती ती शिकवण्यात. त्या शिकवण्यामागचे काही गैरसमज इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : ओपन सोर्स म्हणजे हौशी लोकांचे फुकट सॉफ्टवेअर. त्यात करिअर नाही.

वस्तुस्थिती : ओपन सोर्सची ओळख किमतीवरून ठरत नाही, हक्कांवरून ठरते. सॉफ्टवेअरचा मूळ कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि पुढे वाटण्याचा हक्क लायसन्सने दिलेला असतो. एमआयटी लायसन्स जवळपास सगळी मोकळीक देते. जीपीएलची अट कडक आहे : बदललेले सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलेत, तर त्याचा कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. असा कोड वापरून पैसे मिळवायला दोन्हींची आडकाठी नाही.

आणि पैसा आहे. ओपन सोर्सवरच उभ्या असलेल्या रेड हॅट या कंपनीसाठी आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळे संगणक लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सचाच कर्नल आहे. फार लांब जायचीही गरज नाही. रेड हॅटचे अभियंते पुण्यात बसतात, आणि जीपीएलखाली उपलब्ध असलेली ईआरपीनेक्स्ट ही व्यवसाय-प्रणाली मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने घडवली आहे.

गैरसमज २ : हे कसलेल्या प्रोग्रामरांचे काम. विद्यार्थ्यांचा तिथे काय पाड?

वस्तुस्थिती : ओपन सोर्सचा निम्मा इतिहास वसतिगृहांतल्या खोल्यांमध्ये घडला असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली तेव्हा तो हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता आणि आपण हे हौसेखातर करतो आहोत असे त्याने लिहिले होते. डेबियन ही लिनक्स-प्रणाली १९९३ मध्ये सुरू करणारा इयन मरडॉक पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी होता. केडीई या डेस्कटॉपची हाक १९९६ मध्ये दिली ती जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या माथियास एट्रिशने, तोही विद्यार्थीच. आपण रोज सिनेमे पाहतो तो व्हीएलसी प्लेअर पॅरिसच्या इकोल सेंट्रालमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाला आणि २००१ मध्ये जीपीएलखाली खुला झाला.

मात्र या कथांवरून ‘आपणही नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहू’ असा अर्थ काढू नये. आज विद्यार्थ्याला सर्वांत जास्त शिकवून जातो तो आधीपासून चालू असलेला प्रकल्प. फायनल इयर प्रोजेक्टमध्ये चार मित्र कोऱ्या फाइलपासून सुरुवात करतात, व्हायवा झाला की तो कोड पुन्हा कुणी उघडत नाही. नोकरीत मात्र पहिल्याच दिवशी दुसऱ्यांनी अनेक वर्षे लिहिलेला कोड वाचायचा असतो. तो सराव कॉलेजात असताना ओपन सोर्सइतका दुसरीकडे क्वचितच मिळतो.

गैरसमज ३ : कॉन्ट्रिब्यूशन म्हणजे कोड.

वस्तुस्थिती : कुणीतरी कळवलेला बग आपल्या मशीनवर तसाच घडतो का हे पाहून पायऱ्या लिहून ठेवणे, जुने झालेले डॉक्युमेंटेशन दुरुस्त करणे, टेस्ट लिहिणे, भाषांतर करणे, ही सगळी प्रकल्पाला हवी असलेली कामे आहेत. मेन्टेनरला यांसाठीच वेळ मिळत नाही.

मराठी विद्यार्थ्याची बाजू इथे भक्कम आहे. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि विकिपीडियामागचे मीडियाविकी या तिन्हींचे मराठी रूप स्वयंसेवकांच्या भाषांतरावर उभे आहे. शिवाय देवनागरीचे प्रश्न आहेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक एखाद्या अ‍ॅपमध्ये नीट उमटतो का, मराठी नावांची यादी वर्णक्रमाने लागते का, शोधताना जोडाक्षरे सापडतात का, हे परदेशातल्या मेन्टेनरला कळण्याचा मार्ग नाही. सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला ते पाहताक्षणी कळते. असा बग चित्रासह आणि पायऱ्यांसह नीट नोंदवणे हे अस्सल योगदान आहे.

शाखेचीही अडचण नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे विद्यार्थी सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये उतरवून सर्वांसाठी खुली करतात. त्याच प्रकल्पात सिव्हिलवाल्यांसाठी पोलादी बांधकामाच्या डिझाइनचे ‘ओस्डॅग’ आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी सर्किटचे ‘ईसिम’ ही सॉफ्टवेअर वाढत आहेत. सुरुवात करायची तर आयआयटी मुंबईचेच ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतूनही उपलब्ध आहेत.

गैरसमज ४ : जितक्या पुल रिक्वेस्ट, तितके योगदान.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने केले आहे. डिजिटलओशन या कंपनीने २०१४ मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ सुरू केला. ऑक्टोबरात ठरलेल्या संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी ती योजना. २०२० मध्ये टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टचा असा पूर आला, की महिन्याच्या पहिल्या काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पाने स्वतःहून सहभागाची तयारी दाखवली असेल, तिथल्याच पुल रिक्वेस्ट धरल्या जातील. हेतू चांगला होता, पण मोजमाप संख्येचे होते. ‘या सेमिस्टरला प्रत्येकाच्या किमान पाच पुल रिक्वेस्ट’ असे फर्मान काढणारे कॉलेज हीच चूक पुन्हा करते.

पाठवणाऱ्याला पुल रिक्वेस्ट दोन मिनिटांची वाटते. पलीकडे मेन्टेनरला ती वाचावी लागते, चालवून पाहावी लागते, नाकारायची तर कारण लिहावे लागते. अनेक मेन्टेनर नोकरी सांभाळून, रात्री हे काम करतात. चांगल्या कामाचा क्रम वेगळा असतो. आधी प्रकल्पाचे नियम वाचायचे. आपला प्रश्न कुणी आधीच मांडला आहे का ते शोधायचे. बग स्वतः घडवून पाहायचा. काय करू पाहतो आहोत ते इश्यूमध्ये लिहून उत्तराची वाट पाहायची. मग लहानसा बदल, त्याची टेस्ट आणि रिव्ह्यूत आलेल्या प्रत्येक शेऱ्याला उत्तर. एका पुल रिक्वेस्टमागे यात महिना सहज जातो, आणि शिक्षण त्या महिन्यातच होते.

एआयकडून कोड लिहून घेऊन हा महिना वाचवता येईल असे वाटणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जेंटू लिनक्सने एप्रिल २०२४ मध्ये एआयच्या मदतीने तयार केलेली योगदाने स्वीकारायची नाहीत असा निर्णय घेतला. प्रत्येक प्रकल्पाचा याबाबतचा नियम निराळा आहे. तो पाहूनच पुढे जावे. आणि रिव्ह्यूत ‘ही ओळ का लिहिली?’ असे विचारले तर उत्तर आपल्यालाच द्यायचे असते.

गैरसमज ५ : प्रकल्प उघडा आहे, तेव्हा प्रयोग करायला कुणाची हरकत?

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाला हा समज महागात पडला. लिनक्स कर्नलचे तपासनीस सदोष पॅच पकडतात का, हे पाहण्यासाठी तिथल्या संशोधकांनी कुणालाही न सांगता मुद्दाम खोट असलेले पॅच पाठवले. एप्रिल २०२१ मध्ये कर्नलच्या मेन्टेनरांनी त्या विद्यापीठाकडून येणारे योगदान थांबवले आणि आधी आलेले पॅचही पुन्हा तपासायला घेतले. संशोधकांना माफी मागून आपला शोधनिबंध मागे घ्यावा लागला. ज्यांचा या प्रयोगाशी संबंध नव्हता, त्या विद्यापीठातल्या लोकांच्या कामावरही संशय आला.

म्हणून पहिली गिरवणी कॉलेजच्या स्वतःच्या सराव-रेपॉझिटरीत व्हावी. दुसऱ्याच्या प्रकल्पात पाऊल टाकण्याआधी विद्यार्थ्याला लायसन्स कळले पाहिजे. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लागते. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ती लेखी ग्वाही असते. इंटर्नशिपच्या कंपनीतला कोड उचलून इथे चिकटवणारा ही ग्वाही खोटी देत असतो.

गैरसमज ६ : सरांना स्वतःला सगळे येत नसेल, तर हा विषय शिकवता येणार नाही.

वस्तुस्थिती : कुठल्याही मोठ्या प्रकल्पाचा सगळा कोड कुणालाच माहीत नसतो, त्याच्या मेन्टेनरांनाही नाही. टोरांटोच्या सेनेका कॉलेजात विद्यार्थ्यांनी थेट मोझिलाच्या कोडवर काम करावे असा अभ्यासक्रम चालला. रेड हॅटने २००९ मध्ये प्राध्यापकांसाठीच उन्हाळी कार्यशाळा सुरू केली, ती त्यांना या समुदायांत वावरायला शिकवण्यासाठी. शिक्षकाने सांभाळायच्या गोष्टी तीन : योग्य प्रकल्पाची निवड, वेळापत्रक आणि गुण.

प्रकल्प असा हवा की जिथे गेल्या महिनाभरात नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरे मिळालेली दिसतात. साठ मुले एकाच लहान प्रकल्पावर सोडू नयेत, आणि आधी मेन्टेनरला कळवावे. मेन्टेनर आपल्या सबमिशनच्या तारखेला बांधलेला नसतो, त्यामुळे ‘मर्ज झाले तरच गुण’ हा नियम अन्यायाचा ठरतो. टर्मवर्कचे गुण इश्यूच्या नोंदीला, चर्चेला आणि रिव्ह्यूनंतर केलेल्या दुरुस्तीला द्यावेत. व्हायवात विद्यार्थ्याने बदललेल्या ओळी समोर ठेवून प्रश्न विचारावेत. उसने काम तिथे टिकत नाही.

गैरसमज ७ : जीसॉकमध्ये निवड झाली तरच अर्थ आहे.

वस्तुस्थिती : जीसॉक म्हणजे २००५ मध्ये सुरू झालेला गूगल समर ऑफ कोड. त्यात मानधन मिळते, नावही होते, पण जागा मोजक्या. २०२२ पासून तो विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. अठरा वर्षांवरील नवख्यांनाही खुला आहे. बग नोंदवायला मात्र कुणाच्या निवडीची गरज लागत नाही, आणि जीसॉकमध्येही आधीपासून त्या प्रकल्पात वावरलेल्या अर्जदाराचे पारडे जड असते.

प्राध्यापकांनी आणि विभागप्रमुखांनी पुढच्या सत्राचे नियोजन करताना पुल रिक्वेस्टच्या संख्येचा रकाना काढून टाकावा. विद्यार्थ्यांनी आपण रोज वापरतो असे एकच सॉफ्टवेअर निवडावे, त्याच्या चर्चा पंधरा दिवस नुसत्या वाचाव्यात आणि मगच पहिला प्रश्न विचारावा. सहा महिन्यांत एकच काम झाले, पण ते प्रकल्पाच्या उपयोगी पडले, तर मुलाखतीत सांगण्यासारखे पुष्कळ आहे.