कोयत्याची जखम कोणत्या रकान्यात?

शिरूर तालुक्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ताम्रपाषाण युगातली दोनशेहून अधिक दफनं सापडली, आणि त्या हाडा-दातांवरून तेव्हाच्या लोकांच्या आजारांचे, कुपोषणाचे अभ्यास झाले. आज त्याच घोड नदीच्या काठी ऊस तोडताना कुणाच्या पायाला कोयता लागला, तर ती जखम कोणत्या आकड्यात दिसेल? बहुतेक वेळा कुठल्याच नाही.

कामावरच्या इजेची खबर सरकारला द्यायची जबाबदारी मालकाची. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८८ नुसार मृत्यू झाला, किंवा कामगार ४८ तास वा त्याहून जास्त काम करू शकला नाही, तर कळवायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही ४८ तासांची अट आहेच. आता बघा, बोट चेमटलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी नुसतं बसवून हजेरी लावली, की कागदोपत्री ४८ तास भरतच नाहीत!

रांजणगाव एमआयडीसीत निदान मालक कोण हे तरी माहीत असतं. उसाच्या फडात तेच अवघड. उचल देतो मुकादम, ऊस जातो साखर कारखान्याकडे, शेत तिसऱ्याचं. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजला जातो. म्हणजे हिशोबातच माणसं नाहीत, अवजार आहे. मग फॉर्म कागदावर असो की पोर्टलवर, 'आस्थापनेचं नाव' या रकान्यात काय लिहायचं?

अमेरिकेत ठरावीक आस्थापना दरवर्षी २ मार्चपर्यंत आधीच्या वर्षाच्या इजांचा गोषवारा ऑनलाइन भरतात. २०२४ पासून जास्त धोक्याच्या उद्योगांतल्या, १०० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणांना प्रत्येक इजेचा तपशीलही द्यावा लागतो. कंपनीच्या नावासकट ही माहिती कुणालाही उतरवून घेता येते. (आमच्यासारख्या संशोधकांना हेवा वाटावा अशीच सोय.) पण तिथेही लिहिणारा मालकच, त्यामुळे लपवाछपवी उरतेच. म्हणून संशोधक दुसरी यादी घेतात, दवाखान्याची किंवा नुकसानभरपाईची. दोन्ही याद्यांत किती नावं सारखी आहेत हे पाहिलं, की दोन्हींतून किती सुटली याचा अंदाज बांधता येतो.

फडातल्या जखमेसाठी आपल्याकडे पहिली यादीच नाही. पण टाके घालायला माणूस कुठल्या तरी दवाखान्यात जातोच. मला वाटतं, सुरुवात तिथून करावी: केसपेपरवर एकच प्रश्न, 'काय काम करताना लागलं?'