पक्वाशयाविना जगणारा रुग्ण : जल आणि लवण यांचा हिशेब

बृहदंत्र संपूर्ण काढून टाकलेला रुग्ण आयुर्वेद चिकित्सालयात येणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस औषधांना दाद देईनासा झाला, अथवा कुलज पॉलिपोसिसमध्ये कर्करोगाचे भय उभे राहिले, की शल्यतज्ज्ञ मोठे आतडे व मलाशय काढतात, लघ्वंत्राच्या अखेरच्या भागाची घडी घालून त्याची पिशवी शिवतात आणि ती गुदाशी जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स व निकोल्स यांनी ही पद्धत १९७८ साली प्रसिद्ध केली. जपानच्या उत्सुनोमिया यांनी १९८० साली तिला इंग्रजी 'जे' अक्षराचा सुटसुटीत आकार दिला. म्हणून रुग्ण तिला 'जे-पाऊच' म्हणतो. पोटावर कायमची पिशवी बाळगावी लागत नाही, हे तिचे मोठे वरदान होय. परंतु आमच्यापुढे हा रुग्ण बसतो तो बहुधा दौर्बल्य, पोटऱ्यांत येणारे गोळे, उठताना येणारी भोवळ आणि न शमणारी तहान घेऊन. दिवसातून चार ते आठ वेळा पातळसर मलप्रवृत्ती हे पाऊचधारकाचे प्राकृत मान आहे, हे ठाऊक नसलेला वैद्य येथे आमदोष पाहतो, लंघन सांगतो, गरम पाणी भरपूर प्यावयास सांगतो. याच ठिकाणी रुग्णाचा घात होतो.

सुश्रुतांनी पुरीषधरा कलेचे स्थान पक्वाशयात सांगितले आहे. मलाचे विभाजन आणि द्रवांशाचे शोषण ही जी कार्ये तेथे व्हावयाची, ती पाऊच करू शकत नाही. पाऊच हे साठवणीचे पात्र आहे, पक्वाशय नव्हे. निरोगी मनुष्यात दररोज सुमारे दीड लिटर द्रव लघ्वंत्रातून मोठ्या आतड्यात उतरतो आणि त्यातील जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर मलावाटे बाहेर जातो. पाऊचधारकाचा रोजचा मल आतडे सरावल्यानंतरही अर्ध्या लिटरहून अधिक भरतो. या द्रवाबरोबर जाते ते मुख्यतः मीठ. म्हणून प्रश्न केवळ उदकक्षयाचा नाही, लवणक्षयाचाही आहे. आणि तहान लागली म्हणून नुसते पाणी पीत राहणे हे त्याचे उत्तर नाही.

सोडियम घटू लागले की शरीर अल्डोस्टेरॉन हा स्राव वाढवून वृक्कांकरवी मीठ राखून ठेवते, पण त्याची किंमत म्हणून पोटॅशियम व मॅग्नेशियम मूत्रावाटे दवडते. पाऊचधारकाच्या रक्तात पोटॅशियम कमी दिसते, त्याचे मूळ अनेकदा मलात नसून या मूत्रक्षयात असते. मॅग्नेशियम कमी असेतोवर पोटॅशियम कितीही दिले तरी ते टिकत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मात्र मॅग्नेशियमच्या गोळ्या अधिक मात्रेत मलप्रवृत्ती वाढवितात; त्यांची मात्रा तज्ज्ञाच्याच सल्ल्याने ठरावी.

रक्तातील सोडियम पुष्कळदा बराच काळ प्राकृत दिसते आणि सर्वांची फसगत करते. त्याआधी खरे सांगते ते मूत्र. मूत्रातील सोडियम लिटरमागे २० मिलिमोलच्या खाली गेले असेल, तर शरीर मिठाला पारखे झाले आहे असे समजावे. त्यासोबत क्रिएटिनिन, पोटॅशियम व मॅग्नेशियम पाहावे. ज्या गावात प्रयोगशाळा नाही तेथेही रोजचे वजन, मूत्राचा वर्ण व प्रमाण, आणि बसून व उभे राहून घेतलेला रक्तदाब ही साधने हाताशी असतातच. दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन उतरले, तर तो मेद नव्हे, द्रव गेलेला असतो.

उपायाचा गाभा भारतीय वैद्यकाच्या अभिमानाचा आहे. साखर व मीठ योग्य प्रमाणात एकत्र असतील तर लघ्वंत्र दोन्ही ओढून घेते आणि पाणी त्यामागोमाग जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले; २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात एक लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. लघ्वंत्र शाबूत असलेल्या पाऊचधारकास एरवी साधे पाणी वर्ज्य नाही. परंतु मलप्रवृत्ती वाढली, ज्वर आला, विदर्भ-मराठवाड्याचा वैशाख सुरू झाला, वारीची पायपीट वा निर्जळी उपास ठरला, की पेयांत या द्रावणाला अग्रस्थान द्यावे आणि ते घोट घोट घ्यावे. उपास तर आम्ही स्पष्ट शब्दांत नाकारतो. धर्मशास्त्रही आतुराला मोकळीक देतेच.

संहितोक्त मंड-पेयादी कल्पना येथे फार उपयोगी पडतात. सैंधव घातलेली तांदळाची पातळ पेज, लाह्यांचा मंड, मीठ घातलेले ताक ही आपल्या घरचीच औषधे आहेत. शहाळ्याचे पाणी मात्र सरसकट सांगू नये. त्यात पोटॅशियम विपुल पण सोडियम अल्प असते, आणि वृक्क मंदावले असतील तर ते घातकही ठरते. गोड सरबते व फळांचे रस मलाचे प्रमाण वाढवितात.

आता आपल्याच औषधांविषयी. निशोत्तर, सोनामुखी, एरंडतेल, हरीतकी हे या रुग्णाच्या वाट्याला जाता कामा नयेत. अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर भरपूर असते, हे आम्लपित्तासाठी ते लिहून देताना विसरू नये. ज्येष्ठमध आम्ही येथे विशेष धोक्याचा मानतो. दीर्घकाळ घेतल्यास तो पोटॅशियम उतरवितो, आणि आधीच पोटॅशियम गमावणाऱ्याला ही भर सोसत नाही. पुनर्नवा व गोक्षुर यांचे मूत्रल योग टाळावेत. इसबगोलाने मल घट्ट होतो, पण मिठाची हानी तेवढ्याने थांबते असे समजू नये. बस्तीविषयी तर वाद नसावा : ज्या पक्वाशयासाठी तो सांगितला, तो येथे नाही, शल्यतज्ज्ञास विचारल्यावाचून देऊ नये.

औषधविक्रेत्या बंधूंकडे दोन गोष्टी मागतो. ओआरएस मागणाऱ्यास सूत्रबद्ध पुडीच द्यावी, गोड पेयाचा डबा नव्हे. खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच गफलतीमुळे. आणि २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवावयाची, पेलाभर पाण्यात थोडी थोडी नाही, हे प्रत्येक वेळी तोंडाने सांगावे. कोलेस्टेरॉल वा रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत मूत्रल औषध घेणारा पाऊचधारक दिसल्यास त्यास त्याच्या चिकित्सकाकडे पाठवावे. आतड्यात उशिरा विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्या पाऊचमधून जशाच्या तशा बाहेर पडू शकतात. रुग्णाने तसे सांगितले तर ते थट्टेवारी नेऊ नये.

वांतीमुळे काहीच पोटात टिकत नसेल, आठ तासांत मूत्र झाले नसेल, हृदयाची धडधड, मूर्च्छा, मलात रक्त वा तीव्र ज्वर असेल, तर चिकित्सालयात वेळ न दवडता रुग्णास शिरेवाटे द्रव देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे, आणि सोबतच्या चिठ्ठीत 'बृहदंत्र काढलेले आहे' हे पहिल्या ओळीत लिहावे.