गोणीतला गादीवाफा

मिरचीचं रोप कसं करतात, हे तुम्हाला शिकवायला नको. कांदा, वांगं, मिरची, सगळ्यांचं रोप आधी गादीवाफ्यावर टाकतात. भोवतीच्या जमिनीपेक्षा वाफा वीतभर उंच करतात. त्यात शेणखत मिसळतात. मग बी पेरतात.

उंच का करतात? आपल्या नांदेड-लातूरकडची पुष्कळ जमीन काळी आणि चिकण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. मग वरचं पाणी खाली मुरत नाही, साचून राहतं. मुळांना हवा मिळत नाही. रोप पिवळं पडतं आणि कुजतं. उन्हाळ्यात हीच जमीन आकसते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दिलेलं पाणी भेगांतून निघून जातं. उंच वाफ्यातून जादा पाणी निथळतं, म्हणून रोप वाचतं. सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरतात तेही याचसाठी. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही शेतीसंशोधनाची मोठी संस्था १९७२ साली निघाली. काळ्या रानात रुंद वरंब्यावर पीक कसं घ्यावं, याचा तिथं पुष्कळ अभ्यास झाला.

हाच गादीवाफा अंगणात करता येतो. खताची रिकामी गोणी, तेलाचा पत्र्याचा डबा, गळका माठ, फुटकं घमेलं, काहीही चालतं. रान नसलं तरी चालतं. दारापुढं खाटेएवढी जागा असली की पुरे.

तुम्ही म्हणाल, "पण पाणी कुठलं आणायचं?" बरोबर आहे. २०१६ सालचा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. मांजरा धरण आटलं होतं. एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या. त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. नांदेडला गोदावरी आहे खरी, पण मुखेड-कंधारकडच्या माळावर बायाबापड्या हंडा घेऊन टँकरची वाट बघतात. अशा वेळी भाजीला पाणी घाला, असं कोण सांगेल?

पण जरा हिशेब करा. घरात टँकरचं पाणी आलं, तरी माणसं अंघोळ करतात. तांदूळ, डाळ, भाजी धुतात. भांडी विसळतात. ते पाणी न्हाणीतून गटारात जातं. तिथं चिखल होतो आणि डास होतात. रानातल्या वाफ्याला हे पाणी पुरणार नाही. चार गोण्यांना मात्र ते पुरतं. गोणीतलं पाणी लांब पसरत नाही, ते मुळांपाशीच राहतं.

सगळं पाणी सारखं नसतं, बरं का. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी सर्वांत चांगलं. अंघोळीचं पाणी चालतं, साबण बेतानं लावला असेल तर. कपड्यांचं पहिलं पाणी कधीही घालू नका. धुण्याच्या सोड्यानं काळी माती घट्ट होते. शेवटचं खळबळलेलं पाणी चालेल. असं पाणी पानांवर शिंपडायचं नाही, मातीत ओतायचं. कोथिंबीर कच्ची खातात, म्हणून तिला साधं पाणीच द्या.

आता डबा कोणता घ्यावा ते सांगतो. इथं नीट लक्ष द्या.

फवारणीच्या औषधाचा डबा घेऊ नका. कितीही धुतला तरी नको. आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तेव्हा डबा हातात घ्या आणि बघा. त्यावर एक रंगीत चौकोन असतो. लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा रंग दिसला म्हणून भुलू नका. तेही विषच आहे. असा डबा पाण्याला, धान्याला किंवा भाजीला वापरायचा नाही. फवारणी करतानाच तो तीनदा विसळावा आणि ते पाणी पंपातच घालावं. मग डब्याला भोकं पाडून तो निकामी करावा, म्हणजे कुणाचं लेकरू त्यातून पाणी पिणार नाही. रंगाचा, तेजाबाचा आणि इंजिनच्या जळक्या तेलाचा डबाही नको.

एका घरी सुनेनं विचारलं, "आत्याबाई, हा निळा ड्रम चांगला मजबूत आहे. ह्यात वांगी लावू का?" सासू म्हणाली, "आधी त्यात काय होतं ते दुकानदाराला विचार. नाही सांगता आलं, तर राहू दे बाई. गोणी काय कमी पडल्या?" सासूबाईंचं बरोबर आहे. माहीत नसलेला ड्रम नकोच.

खताची गोणी चालते. पण आधी ती उलटी करून दोन पाण्यानं धुवा. कोपऱ्यात राहिलेल्या युरियानं कोवळी मुळं जळतात. गोणीला तळाशी चार-पाच भोकं पाडा. पत्र्याच्या डब्यालाही खिळ्यानं भोकं पाडा. भोकावर खापराचा तुकडा ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही. गोणी किंवा डबा दोन-तीन विटांवर ठेवा. मग पाणी निथळतं आणि वाळवीही लवकर लागत नाही.

नुसती काळी माती भरू नका. वाळली की तिची वीट होते. एक घमेलं माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं वाळू किंवा बारीक मुरूम घ्या. त्यात सोयाबीनचं भुसकट नाहीतर उसाचं कुजलेलं पाचट मिसळा. ताजं शेण घालू नका. ते कुजताना तापतं आणि मुळांना चटका बसतो. दर दीड-दोन महिन्यांनी वरून ओंजळभर शेणखत घाला.

उंच गोणीत एक अडचण येते. वरून ओतलेलं पाणी तळापर्यंत जात नाही. आफ्रिकेत केनिया देश आहे. त्याच्या राजधानीत, नैरोबीत, किबेरा नावाची मोठी झोपडपट्टी आहे. तिथल्या बाया गोणीत पालेभाजी लावतात. त्यांची युक्ती घेण्यासारखी आहे. तळ काढलेला एक डबा त्या गोणीच्या मधोमध उभा करतात. डब्यात लहान दगड भरतात, भोवती माती भरतात. मग डबा वर ओढतात. दगड तिथंच राहतात. पुन्हा दगड, पुन्हा माती. असं करत तोंडापर्यंत मधे दगडांचा खांब होतो. पाणी त्या दगडांवर ओतायचं. ते वरपासून खालपर्यंत सगळीकडं झिरपतं. गोणीच्या अंगाला चिरा पाडून त्यांतही रोपं लावतात. एका गोणीवर वरून आणि चारी अंगांनी भाजी येते.

माठ असला तर दुसरी युक्ती. मोठ्या डब्यात मधोमध लहान मडकं गळ्यापर्यंत पुरा. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवा. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरतं आणि मुळं ते ओढून घेतात. ही रीत दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीपुस्तकातही सांगितलेली आहे. मडकं रंगवलेलं नको, नाहीतर पाझरणार नाही.

पाणी रोज घालायलाच हवं असं नाही. बोट कांडभर मातीत घाला. ओल लागली तर थांबा.

मेथी, पालक, कोथिंबीर यांना वीतभर खोल माती पुरते. धने रगडून दोन फोडी करून पेरा. मेथी महिन्याच्या आत काढायला येते. पालक मुळासकट उपटू नका. वरची पानं खुडली की तो पुन्हा फुटतो. वांगी, टोमॅटो, मिरची यांना हातभर खोल गोणी हवी, आणि एका गोणीत एकच झाड लावावं. लोभानं तीन लावली तर तिन्ही खुरटतात. अंबाडी, चवळी, भेंडी पावसाळ्याच्या तोंडाला लावा. दोडक्याचा वेल छपरावर सोडा. मार्चनंतर गोण्या सकाळचं ऊन लागेल पण दुपारी सावली पडेल अशा जागी सरकवा. नाहीतर जुन्या लुगड्याची सावली करा.

बाजारात उन्हाळ्यात भाजी महागली की आपल्याकडं भाकरी, चटणी आणि पिठलं यांवर दिवस निघतात. पोट भरतं, पण अंगात रक्त कमी पडतं. गरोदर बाईला आणि वाढत्या मुलीला ते जास्त बाधतं. पालेभाजीत लोह असतं. भाजीवर लिंबू पिळलं, तर ते लोह अंगाला जास्त लागतं. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळत असतील, तर भाजी आली म्हणून त्या बंद करायच्या नाहीत.

खताची गोणी उन्हानं पिचते. वर्षा-दीड वर्षात तिचे धागे सुटू लागतात. तसं झालं की माती दुसऱ्या गोणीत भरा, थोडं नवं शेणखत मिसळा. मागच्या खेपेला जिथं वांगी होती तिथं या खेपेला मेथी लावा. धागे मातीत मिसळू देऊ नका. जुनी गोणी चुलीतही घालू नका, तिचा धूर वाईट असतो. भंगारवाल्याला द्या.