रेवा मोटारीचा धडा

बंगळूर येथे २००१ साली ‘रेवा’ ही विजेवर चालणारी छोटी मोटार विक्रीस आली. सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या एकदा पूर्ण भारित केल्या की ती सुमारे ८० किलोमीटर धावू शके. परंतु अशा बॅटऱ्या दीर्घकाळ रित्या राहिल्यास त्यांच्या पट्टिकांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक साचतात व त्यांची धारणशक्ती घटते. त्यामुळे बॅटऱ्या जुन्या होत तसतसा मोटारीचा पल्ला आखूड होई. सकाळी निघालेली मोटार संध्याकाळी घरी परतेलच, ही खात्री उरत नसे. शिवाय बॅटऱ्यांचा संपूर्ण संच बदलण्याचा खर्चही मोठा. दशकभरात जगभर जेमतेम काही हजार रेवा विकल्या गेल्या आणि २०१२ साली उत्पादन थांबले. २०१३ साली आलेल्या तिच्या उत्तराधिकारी मोटारीत लिथियम-आयन बॅटऱ्या होत्या.