गिअरपेटी न उघडता दोष कसा ओळखाल?

पनवेलहून जुन्या रस्त्याने खोपोलीच्या पुढे गेलात की बोरघाट लागतो. पनवेल जवळजवळ समुद्रसपाटीवर, तर खंडाळा सुमारे ६०० मीटर उंचीवर. समजा, स्वयंचलित गिअर असलेली एक जुनी मोटार हा घाट चढत आहे. चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. मागून भरलेला ट्रक येत आहे. गाडी मध्येच अडली तर अपघाताचे भय. आणि घाईने गिअरपेटी उघडली तर मोठा खर्च. मग दोष शोधायचा कसा?

प्रथम रचना पाहू. अशा गाडीत पायाने दाबायचा क्लच नसतो. इंजिन व गिअरपेटी यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याची मूळ कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांची, १९०५ सालची. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवा व एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. येथे वाऱ्याचे काम तेल करते. शिवाय पंपाच्या दाबाने हेच तेल क्लचच्या चकत्या घट्ट आवळून हवा तो गिअर जोडते आणि उष्णताही वाहून नेते.

आता तर्क करा. इंजिनचा आवाजच वाढला नसता, तर संशय इंजिनावर आला असता. येथे इंजिन जोरात फिरते, पण शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे मध्ये काहीतरी घसरत आहे. चकतीची एक बाजू मिनिटाला २५०० फेरे व दुसरी २००० फेरे घेत असेल, तर पाचवा हिस्सा शक्ती उष्णतेत वाया जाते. ३० किलोवॉटपैकी ६ किलोवॉट, म्हणजे हजार वॉटच्या सहा इस्त्र्यांची धग! घाटात गाडी तशीच रेटली, तर चकत्या जळणारच. म्हणून ती सुरक्षित जागी बाजूला घेणे हाच पहिला उपाय.

यानंतर डिपस्टिकवर तेल पाहावे. हे काम मोठ्या माणसांनी, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीनेच करावे. नवे तेल बहुधा लाल असते. पातळी उतरली असेल, तर गळती शोधावी. तेल कमी पडले की पंप हवा ओढतो व दाब घटतो. तेल काळपट असून जळका वास येत असेल, तर चकत्या जळल्या असाव्यात. रंग दुधाळ गुलाबी असेल, तर तेलात पाणी शिरले आहे. बहुधा रेडिएटरमधील तेलाची नळी फुटली असेल.

तेल ठीक असेल तर आणखी दोन प्रश्न विचारा. सगळेच गिअर घसरतात की एकच? सगळे घसरत असतील, तर पंप, गाळणी अशा सामाईक भागांवर संशय घ्या; एकच घसरत असेल, तर त्या गिअरच्या चकत्यांवर. गाडी थंड असताना नीट चालते व तापल्यावर घसरते का? तसे असेल, तर तापून पातळ झालेले तेल झिजलेल्या सीलमधून निसटत असावे.

पाहा, एकही नट न सोडवता आपण दोषाच्या किती जवळ आलो! वैद्य आधी नाडी पाहतो, तसेच हे. आता तुम्हीच सांगा: तेल लाल व पुरेसे आहे, पुढचे सर्व गिअर ठीक आहेत, फक्त रिव्हर्स घसरतो. मग दोष पंपात असेल का? वर्गात चर्चा करा.